रेशनकार्ड खेडचं, पाणी दिव्याचं

हे प्रकरण ठाणे महापालिकेच्या हद्दीतल्या दिवा पूर्वेचं, जुलै २०२१ मधलं. कुणाची ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांचे तपशील एकत्र केले आहेत. नियम, रकमा आणि कायदे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण सगळा घोळ त्यांच्यातच आहे.

कुटुंब चौघांचं. नवरा भिवंडीच्या गोदामात रोजंदारीवर माल चढवतो-उतरवतो. बायको घरीच शिवणकाम करते: ब्लाउज, फॉल-पिको, शाळेच्या गणवेशाचं उसवलेलं-फाटलेलं. दोन मुलं पालिकेच्या शाळेत. गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात. दिव्यात अशी घरं शेकड्यांनी सापडतील. गणपती-शिमग्याला दिवा-सावंतवाडी गाडीला किती गर्दी होते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. खोली भाड्याची, चाळीतली, वर पत्रा. मालक डोंबिवलीला राहतो आणि भाडं रोख घेतो. करार तोंडी.

चाळीतल्या लोकांसाठी बाईंचं नाव 'शिवणवाल्या वहिनी'. इथे त्यांना वहिनीच म्हणू.

पाणी

खाडीला उधाणाची भरती आणि वरून पाऊस असा योग आला की दिव्याच्या सखल भागातल्या नाल्यांतलं पाणी खाडीत उतरत नाही, उलट आत शिरतं. त्या रात्रीही तेच झालं. मध्यरात्रीनंतर उंबऱ्यावरून पाणी आलं, पहाटेपर्यंत गुडघ्याच्या वर गेलं आणि ओहोटी लागल्यावर दुपारच्या आत बाहेर पडलं. मागे उरला बोटभर काळा चिखल.

नुकसानाची यादी छोटी होती. फ्रिज, दोन गाद्या, तांदळाचा डबा, मुलांची दप्तरं. शिलाई मशीनची मोटर खाली पायापाशी असते, ती गेली. ओव्हरलॉक मशीन जमिनीवरच ठेवलेलं होतं, तेही गेलं. शिवाय गिऱ्हाइकांची कापडं. वहिनी प्रत्येक ब्लाउजपिसाला टाचणीने एक चिठ्ठी लावतात, त्यावर बॉलपेनने नाव आणि मापं. चिठ्ठ्यांची शाई कापडात उतरली, आणि कुठलं पीस कुणाचं हे ओळखण्याची खूणही तिच्यासोबत गेली. श्रावणाच्या तोंडावर शिवायला आलेली ही कापडं होती, काही सणाची, काही लग्नाची. ती भरून द्यायची तर वहिनींनाच द्यावी लागणार होती, आणि त्यांनी दिलीसुद्धा, कुणाला शिलाई माफ करून, कुणाला नवं पीस आणून. हा खर्च पुढे कुठल्याही रकान्यात बसला नाही. त्याकडे परत येऊ.

मदतीचा नियम काय होता

आपत्तीग्रस्तांना मिळणारी सरकारी मदत दोन थरांची असते. खालचा थर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली हा निधी उभा राहतो, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातला ७५ टक्के वाटा केंद्राचा व २५ टक्के राज्याचा असतो. कशासाठी किती द्यायचं याचे निकष केंद्रीय गृह मंत्रालय ठरवतं. तेव्हा लागू असलेल्या निकषांत कपड्यांसाठी कुटुंबाला १,८०० आणि भांडी व घरगुती सामानासाठी २,००० रुपये होते. तेही घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्याखाली राहिलं तरच.

वरचा थर राज्याचा, स्वतःच्या तिजोरीतून. जुलै २०२१ च्या पुरानंतर ऑगस्टच्या सुरुवातीला राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ११,५०० कोटींचं पॅकेज मंजूर केलं. त्यात कपड्यांसाठी पाच हजार आणि भांड्यांसाठी पाच हजार, म्हणजे कुटुंबाला दहा हजार रुपये ठरले. दुकानदाराला प्रत्यक्ष नुकसानाच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५०,००० आणि टपरीधारकाला त्याच हिशेबाने जास्तीत जास्त १०,००० रुपये.

या पॅकेजमध्ये घरगुती मदतीसाठी ४८ तासांची अट शिथिल केली होती. दिव्याच्या दृष्टीने ही एक ओळ सगळ्यात मोलाची ठरली. दोन दिवसांची अट ज्याने कुणी लिहिली, त्याच्या डोळ्यांसमोर नदीचा पूर असणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी दिवसचे दिवस तुंबून राहिलं होतं. त्या वेळीही मोफत धान्याला लावलेल्या दोन दिवसांच्या अटीवरून ओरड झालीच. खाडीकाठी तर पाणी भरतीबरोबर येतं आणि ओहोटीबरोबर जातं. चार-सहा तासांत संसार भिजतो, पण ४८ तास कधी भरतच नाहीत. जुना नियम जसाच्या तसा राहिला असता, तर दिव्यातलं एकही घर या कलमाखाली पात्र ठरलं नसतं, मग पाणी गुडघाभर असो की कमरेएवढं. एका ओळीने हजारो कुटुंबं आत आली. पात्रता रुंद करणं म्हणतात ते हेच, आणि ते शासन निर्णयाच्या एका वाक्यात होऊ शकतं हे त्या ऑगस्टने दाखवून दिलं.

दुकानदार आणि टपरीधारकांच्या कलमाला मात्र अटींची वेगळी माळ होती: स्थानिक रहिवासी हवा, मतदार यादीत नाव हवं, रेशनकार्डधारक हवा, आणि दुकान किंवा टपरी अधिकृत, नोंदणीकृत व परवानाधारक हवी.

पंचनामा

पंचनाम्याला तलाठी आणि पालिकेचा एक कर्मचारी आले. माणसं वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगतो, कारण अशा प्रकरणांत दोष नेहमी यांच्याच माथी मारला जातो. चिखलातून दिवसभरात शंभरेक खोल्या करायच्या, प्रत्येक खोलीत कुणी रडतंय, कुणी भांडतंय. तलाठ्यांनी मशीन पाहिलं, फोटो काढला, पाण्याची खूण भिंतीवर कुठवर आहे ते नोंदवलं. मग कागद मागितले.

वहिनींनी रेशनकार्ड पुढे केलं. पानं दोरीवर वाळत घातली होती, तिथूनच काढून दिलं. कार्ड खेडचं, प्राधान्य कुटुंबाचं. कुटुंबप्रमुख सासूबाई. अन्न सुरक्षा कायद्यात घरातली सर्वांत वयस्क स्त्री कुटुंबप्रमुख धरतात, त्याप्रमाणे. कार्डावर दिराचं कुटुंबही होतं, ते गावीच राहतं.

"ताई, कार्ड खेडचं आहे. इथलं काही नाही का?"

"गहू-तांदूळ तर मी हितूनच उचलते की, साहेब. ह्याच कार्डावर."

तलाठी हसले, पण लिहिलं नाही. फॉर्मवर त्यासाठी जागा नव्हती. वहिनींच्या आधारवर पत्ता खेडचा, नवऱ्याच्या आधारवर कळव्याच्या आधीच्या खोलीचा. वीजबिल मालकाच्या नावावर. मतदार यादीत दोघंही गावच्या केंद्रावर. पंच म्हणून शेजारच्या दोघांनी सह्या केल्या, त्यातल्या एकाचं कार्ड चिपळूणचं निघालं. त्यावरून चाळीत थोडी हसाहशीही झाली.

यादी लागली तेव्हा त्यात वहिनींचं नाव नव्हतं. विचारल्यावर तोंडी कारण मिळालं: स्थानिक रहिवासाचा पुरावा नाही.

गाठ कुठे होती

प्रकरण इथून खरं सुरू होतं, म्हणून थोडं सावकाश.

पहिली गाठ 'स्थानिक' या अटीची. घरगुती मदतीच्या कलमात मतदार यादीची अट लिहिलेली नव्हती. ती दुकान-टपरीच्या कलमात होती. पण कार्यालयात एक तपासणी-सूची तयार झाली की ती सगळ्यांनाच लागते. वरून लिहून आलेलं नसतानाही अट खाली झिरपते. पुढे चूक निघाली तर वसुली आपल्या नावाने निघेल, ही कर्मचाऱ्याची भीती त्यामागे असते. त्या भीतीला उत्तर म्हणून दिलेला लेखी आदेश मला या प्रकरणात कुठे दिसला नाही.

आता रेशनकार्डाकडे बघा. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे खेडच्या कार्डावर दिव्याच्या रेशन दुकानात धान्य मिळतं. ई-पॉस मशीनवर अंगठा लावायचा, पावती निघते. त्या पावतीवर तारीख असते आणि दुकानाचा क्रमांक असतो. म्हणजे अमुक महिन्याला हे कुटुंब दिव्यात होतं, याची बोटाच्या ठशासकट नोंद सरकारच्याच सर्व्हरवर आहे. मतदार यादी फक्त एवढंच सांगते की पूर्वी कधीतरी या माणसाने या पत्त्यावर नाव घातलं. रहिवासाचा पुरावा म्हणून दोन्हींत वजनदार कोणता हे उघड आहे. तरी चालतो तो दुसरा.

दुसरी गाठ मालकाची. "मालकाकडून लिहून आणा की तुम्ही इथे राहता," असं सुचवण्यात आलं. मालक लिहून देईना. त्याची बाजू समजण्यासारखी होती, पटण्यासारखी नव्हती. चाळीचं बांधकाम अधिकृत नाही, आपण भाडेकरूबद्दल काहीही लिहिलं तर ते उद्या कुठल्या टेबलावर निघेल, ही धास्ती. वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरावं, उलटं सिद्ध करण्याचा भार मालकावर, असं तेच कलम म्हणतं. न नोंदवल्यास शिक्षेचीही तरतूद आहे. म्हणजे कायद्याने मालकाच्या कसुरीचा फायदा भाडेकरूला दिलेला आहे, आणि मदतीच्या रांगेत त्याच कसुरीचा तोटा भाडेकरूच्या पदरात पडतो.

बांधकामाचा प्रश्न इथे थोडा वेगळा करून घ्यायला हवा, कारण चाळीत त्यावरूनच सगळ्यात जास्त गैरसमज होते. केंद्राच्या निकषांत घर पडल्याची मदत फक्त अधिकृत बांधकामाला मिळते, सक्षम प्राधिकाऱ्याने तसं प्रमाणित केलेलं असावं लागतं. त्यामुळे भिंतीला गेलेल्या तड्यांचे पैसे कुणालाच मिळणार नव्हते. पण कपडे आणि भांडी या बाबीला ही अट नाही. ती मदत भिंतींना मिळत नाही, तिथे राहणाऱ्या कुटुंबाला मिळते. 'अनधिकृत चाळ, म्हणून काहीच नाही' असं चाळीतलेच दोघे-तिघे छातीठोकपणे सांगत होते, आणि त्यावर विश्वास ठेवून काही जणांनी पंचनाम्याच्या वेळी दारही उघडलं नव्हतं. अर्धवट माहितीने जितके लोक मदतीबाहेर राहिले, तितके नियमाने राहिले असतील की नाही, शंका आहे.

तिसरी गाठ जरा नाजूक. त्याच आठवड्यात, २२ जुलैला, चिपळूणात वाशिष्ठी नदीने थैमान घातलं. जगबुडी नदीचं पाणी खेडमध्येही शिरलं. कार्यालयातल्या लिपिकाने सरळ विचारलं, "एकाच कार्डावर दोन्हीकडे पैसे उचलले तर?" प्रश्न बोचरा वाटला, पण गैर नव्हता. पूर येऊन गेला की याद्या फुगतात, ज्याच्या ओसरीलाही पाणी लागलं नाही त्याचं नाव कुणाच्या तरी फोनवरून घुसतं, हे सगळेच जाणतात. पात्रता रुंद करा म्हणणाऱ्याने या प्रश्नाला बगल देऊ नये. कार्डावर सासूबाई आणि दीर आहेत, त्यांची वाडी उंचावर आहे, तिथे पाणी गेलंच नाही, हे खरं होतं. पण ते दिव्यात बसलेल्या लिपिकाला कळणार कसं?

कागद कसे जुळले

वहिनींनी कागद गोळा केले ते असे. रेशन दुकानाच्या तीन महिन्यांच्या ई-पॉस पावत्या. एक डब्यातल्या तांदळाखाली भिजून गेली होती. दुकानदाराने बाकीच्यांची नोंद काढून दिली. मुलांच्या शाळेचं बोनाफाईड प्रमाणपत्र, त्यावर दिव्याचा पत्ता आणि कितवीपासून शिकतात ते. बँकेचं पासबुक, दिव्याच्या शाखेचं. आणि खेडच्या तलाठ्यांचा दाखला, की या कार्डावर गावी कुठलाही पंचनामा झालेला नाही. हा शेवटचा कागद मिळवणं सर्वांत कठीण. चिपळूणच्या पुराने कोकण रेल्वे बंद पडलेली, गावचे तलाठी स्वतः पुराच्या कामात. दिराने दाखल्याचा फोटो पाठवला तेव्हा ऑगस्ट अर्धा संपला होता.

सोबत एक स्वयंघोषणापत्र: आम्ही चौघं या खोलीत राहतो, दुसरीकडे मदत घेतलेली नाही, खोटं निघाल्यास रक्कम परत करू. कार्यालयाबाहेरच्या टेबलवाल्याने शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करा म्हणून सांगितलं होतं. त्याची गरज नसते. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क राज्याने २००४ पासूनच माफ केलेलं आहे, आणि मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने तर बहुतेक कामांसाठी साधं स्वयंघोषणापत्र चालतं असं धोरण आलं. साध्या कागदावर लिहून दिलं आणि ते घेतलं गेलं.

पुरवणी यादीत नाव आलं. दिवाळीच्या तोंडावर दहा हजार रुपये खात्यात जमा झाले.

एवढ्यावर हे प्रकरण यशाची गोष्ट म्हणून सांगता आलं असतं. पण एक तर हे कागद जुळवायला वहिनींना हाताशी शिकलेली भाची होती. शिवाय त्याच चाळीतल्या ज्या खोल्यांमध्ये एकटे कामगार चार-चार जण मिळून राहतात, त्यांचा विषयच निघाला नाही. चौघांची चार गावं, चार कार्डं, आणि नियमात मोजमाप 'कुटुंब'. चार एकटे पुरुष म्हणजे कुटुंब नव्हे. त्यांच्या गाद्या, भांडी, स्टोव्ह तसेच भिजले होते.

मशीनचं काय झालं

वहिनींच्या घराचं पोट मशीनवर चालतं, आणि मशीनला काहीच मिळालं नाही.

दुकानाचं कलम लागेना, कारण खोली ही दुकान नव्हे. टपरीचं लागेना, कारण टपरी नाही. केंद्राच्या निकषांत हस्तकला आणि हातमाग कारागिरांच्या अवजारांसाठी मदतीची बाब आहे, पण घरगुती शिवणकाम त्यात धरत नाहीत. आणि भांडी-सामानाच्या पाच हजारांत ओव्हरलॉक मशीन आणायचं म्हटलं तर गाद्या कशाच्या आणायच्या? गिऱ्हाइकांच्या कापडांबद्दल तर विचारायची सोयच नव्हती, कारण ती वहिनींच्या मालकीची नव्हती. म्हणजे नुकसान त्यांचं आणि माल दुसऱ्याचा.

दुकान-टपरीच्या अटीतही एक गोम आहे, आणि ती फक्त वहिनींपुरती नाही. अट म्हणते 'नोंदणीकृत व परवानाधारक'. पण महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ आल्यापासून लहान दुकानाला (२०२१ मध्ये मर्यादा दहापेक्षा कमी कामगारांची) नोंदणी करावीच लागत नाही. फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. जुना 'गुमास्ता' ज्याला लोक म्हणतात तो परवाना अशा दुकानांसाठी कायद्यातूनच गेला. तरी मदतीचा शासन निर्णय त्याची वाट बघत राहतो. ठाण्यातल्या बहुतेक किराणा, झेरॉक्स, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत दोन-तीन माणसं असतात. त्यांच्याकडून परवाना मागायचा, तर कुठला?

फेरीवाल्यांचंही तसंच. २०१४ च्या कायद्याप्रमाणे विक्री प्रमाणपत्र मिळायला हवं, ते फार थोड्यांच्या हाती आहे. पण जून २०२० मध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना आली तेव्हा दहा हजारांच्या कर्जासाठी, सर्वेक्षणात नाव नसलेल्या फेरीवाल्यालाही पालिकेचं शिफारसपत्र चालेल अशी सोय केली गेली. चाळीच्या तोंडाशी भाजीची गाडी लावणाऱ्या काकांकडे ते पत्र होतं. कर्ज द्यायला जो माणूस फेरीवाला म्हणून ओळखू येतो, तो बुडाल्यावर ओळखू येऊ नये, याला काय म्हणावं?

बाहेरचं एक उदाहरण

हा गुंता फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या आपत्ती मदत यंत्रणेचं नाव फेमा. २०१७ च्या मारिया चक्रीवादळानंतर पोर्तो रिकोत मोठ्या संख्येने अर्ज फेटाळले गेले, कारण पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घरांची कागदोपत्री मालकी लोकांना दाखवता येईना. सामाईक सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव असलेल्या माणसाला हे लगेच कळेल. सप्टेंबर २०२१ मध्ये फेमाने मालकी आणि वास्तव्याच्या पुराव्यांची यादी वाढवली: वाहन नोंदणी, शाळेचं पत्र, न्यायालयाचा कागद. ज्यांच्याकडे काहीच नाही अशा काहींना, उदाहरणार्थ वारसाने आलेल्या घरात राहणाऱ्यांना, स्वतः लेखी घोषणा करायची मुभा दिली. मदतीची रक्कम तीच राहिली, बदलला तो फक्त पुरावा.

आपल्याकडे त्याच्या सहा वर्षं आधी स्वयंघोषणेचा शासन निर्णय निघालेला होता, हे विसरू नये.

काय रुंद व्हायला हवं, आणि अडतं कुठे

आपत्तीच्या व्याख्या रुंद करण्यात महाराष्ट्र मागे नाही. केंद्राच्या यादीत नसलेल्या अवेळी पाऊस, वीज पडणं, समुद्राचं उधाण अशा गोष्टी राज्याने २०१४ मध्ये राज्य आपत्ती म्हणून धरल्या. २४ तासांत ६५ मिलिमीटर ही अतिवृष्टीची रेघ ओलांडली नाही तरी सततच्या पावसाने पीक जातं, हे मान्य करून जून २०२३ मध्ये 'सततचा पाऊस' हीही आपत्ती ठरली. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये पीक नुकसानाची मर्यादा दोनवरून तीन हेक्टरवर गेली. हे सगळे बदल शेतीच्या बाजूने झाले, आणि योग्यच झाले. शेतकऱ्याच्या मागे सातबारा आहे, मंडळनिहाय पर्जन्यमापक आहे, आमदार आहे. दिव्यातल्या भाडेकरूचं मत खेडच्या यादीत आहे, त्यामुळे इथल्या लोकप्रतिनिधीला त्याची घाई नसते आणि तिथल्याला त्याची खबर नसते. माझ्या मते मुळात दुखतं ते इथे.

पैशांची अडचणही खरी आहे. केंद्राचा वाटा केंद्राच्या निकषांपुरताच. त्यावरची प्रत्येक वाढीव रक्कम आणि प्रत्येक नवी बाब राज्याच्या खिशातून जाते. म्हणून 'घरातील उपजीविकेची साधनं' अशी नवी बाब मागितली की वित्त विभाग भुवया उंचावणार. त्यावर वाद होऊ द्या. पण पुरावा बदलण्यासाठी नवी बाब लागत नाही. आपत्तीच्या महिन्यात किंवा त्याआधीच्या दोन महिन्यांत त्या वस्तीतल्या रेशन दुकानावर लागलेला अंगठा, किंवा मुलांच्या शाळेचा दाखला, किंवा पंचांच्या सह्यांसह स्वयंघोषणा, यांपैकी काहीही एक स्थानिक वास्तव्याचा पुरावा मानावं, मतदार यादी सक्तीची नसावी, एवढं एक परिपत्रक पुरेल. आणि दोनदा लाभ घेण्याची भीती? रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. खेड आणि ठाणे दोन्हीकडच्या याद्या एकाच संगणकावर ताडून पाहता येतात. खेडहून दाखला आणण्याचं काम त्या दिराने करायचं नाही, कार्यालयानेच करायचं.

एका कार्डावरचं विभागलेलं कुटुंब हा जास्त अवघड भाग आहे. पंचनाम्याच्या फॉर्मवर 'प्रत्यक्ष राहणाऱ्या व्यक्ती' असा रकाना घालून त्यांचे आधार क्रमांक लिहिले, तर कार्डाचा प्रमुख कुठे राहतो हा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेला निम्मा, म्हणजे चार एकट्या कामगारांची खोली, सुटत नाही. त्यासाठी 'कुटुंब' ऐवजी 'चूल' मोजावी असं कुणी म्हणेल, पण मेसचा डबा खाणाऱ्यांना चूलही नसते. मदत खोलीला द्यावी आणि राहणाऱ्यांत वाटावी, हा एक पर्याय. त्यात भांडणं होतील. तरी शून्यापेक्षा ती भांडणं बरी.

नंतर

वहिनींनी पुढच्या वर्षी भाचीकडून उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करून घेतली. आधारवर होते, फी लागत नाही. दुकाने कायद्याखालची सूचनाही दिली आणि पावती काढली, 'शिवणकाम व फॉल-पिको' अशा नावाने. ओव्हरलॉक मशीन जुनं घेतलं, हप्त्याने, आणि ते विटांच्या ओट्यावर ठेवलं. २०२३ च्या पावसाळ्याआधी त्यांनी त्याच गल्लीत पहिल्या मजल्यावरची खोली घेतली, भाडं आठशेने जास्त. गिऱ्हाइकं जिना चढायला कुरकुरतात म्हणून कापडं घेण्या-देण्याचं टेबल मात्र खालीच, जिन्याखाली. पावतीवर आणि उद्यमवर पत्ता अजून जुन्या खोलीचाच आहे. तो बदलायला नव्या मालकाचं पत्र लागेल असं सेवा केंद्रावर सांगितलं गेलं, आणि नवा मालकही भाडं रोखच घेतो.